राहून गेलेलं उत्पन्न आणि अपडेटेड रिटर्न: पात्रता, कागदपत्रं आणि भरण्याची पद्धत

एफडीचं व्याज रिटर्नमध्ये दाखवायचं राहून गेलं. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली आणि आधीच्या कंपनीचा पगार धरलाच नाही. म्युच्युअल फंडाची युनिट्स विकली, पण नफा कुठेच लिहिला नाही. किंवा त्या वर्षी रिटर्नच भरलं नाही. अशा करदात्यांसाठी २०२२ साली आयकर कायद्यात कलम १३९(८ए) आलं आणि अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरण्याची सोय झाली. तेव्हा त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. १ एप्रिल २०२५ पासून ती चार वर्षांची झाली. मुदत वाढल्याचं बऱ्याच जणांनी वाचलं आहे, पण जसजसा उशीर होतो तसतशी रक्कम किती फुगते, याकडे फारसं कोणी बघत नाही. म्हणून आधी हिशोब पाहू.

चार वर्षं मोजायची ती कर निर्धारण वर्ष (म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून. आर्थिक वर्ष २०२२-२३ चं कर निर्धारण वर्ष २०२३-२४. ते ३१ मार्च २०२४ ला संपलं, म्हणजे त्या वर्षाचं अपडेटेड रिटर्न ३१ मार्च २०२८ पर्यंत भरता येतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ साठी ही तारीख ३१ मार्च २०२९ आणि २०२४-२५ साठी ३१ मार्च २०३०.

कर आणि त्यावरचं व्याज तर द्यावंच लागतं. या दोन्हींची बेरीज करून तिच्यावर आणखी अतिरिक्त कर बसतो. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरलं तर २५ टक्के, चोवीस महिन्यांच्या आत ५० टक्के, छत्तीसच्या आत ६० टक्के आणि अठ्ठेचाळीसच्या आत ७० टक्के.

एक उदाहरण घेऊ. जुन्या करप्रणालीतल्या एका पगारदाराचं २०२२-२३ चं करपात्र उत्पन्न ७ लाख होतं. त्याने रिटर्न वेळेत भरलं, पण एफडीचं २ लाख रुपये व्याज दाखवायचं राहिलं. ही रक्कम २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये येते, म्हणून कर ४०,००० आणि ४ टक्के सेस १,६००, एकूण ४१,६००. बँकेने १० टक्क्यांनी २०,००० टीडीएस (व्याज देतानाच कापलेला कर) कापला होता आणि मूळ रिटर्नमध्ये तो मागितलेला नव्हता, त्यामुळे तो आता वजा होतो. राहिले २१,६००. आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी खाली १ एप्रिल २०२३ पासून दरमहा १ टक्का व्याज. (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी खालचं थोडं व्याज वेगळं लागेल. हिशोब सोपा राहावा म्हणून ते इथे धरलेलं नाही.)

हे रिटर्न नोव्हेंबर २०२४ मध्ये भरलं असतं, तर वीस महिन्यांचं व्याज ४,३२० आणि २५ टक्के अतिरिक्त कर ६,४८० मिळून ३२,४०० रुपयांत काम झालं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ४२,७६८. नोव्हेंबर २०२६ मध्ये ४९,७६६. नोव्हेंबर २०२७ मध्ये ५७,२८३. मूळ देणं सगळीकडे तेच २१,६०० रुपयांचं आहे. म्हणून चूक लक्षात आली की ‘अजून मुदत आहे’ म्हणून थांबू नका. निदान चालू टप्प्यातली ३१ मार्च तरी ओलांडू देऊ नका.

त्याआधी एक गोष्ट तपासा. त्या वर्षाचं सुधारित रिटर्न भरायची मुदत अजून शिल्लक आहे का? असेल तर तेच भरा, कारण त्यात हा अतिरिक्त कर नसतो.

आता पात्रता. मूळ रिटर्न भरलेलं असो, उशिराचं असो, सुधारित असो किंवा अजिबात भरलेलं नसो, आयटीआर-यू भरता येतं. पण त्यातून सरकारला कर वाढूनच मिळायला हवा. कर कमी होत असेल, रिफंड निघत किंवा वाढत असेल, नाहीतर तोट्याचं रिटर्न भरायचं असेल, तर ते चालत नाही. एका वर्षासाठी ते एकदाच भरता येतं, त्यामुळे व्याज आठवलं आणि घरभाडं विसरलं तर पुन्हा संधी नाही. आयकर खात्याची झडती किंवा सर्व्हे झाला असेल, त्या वर्षाची कर निर्धारणाची कारवाई चालू किंवा पूर्ण झाली असेल, काळा पैसा, बेनामी मालमत्ता किंवा मनी लाँडरिंगच्या कायद्याखालची माहिती खात्याकडे असून ती तुम्हाला कळवली गेली असेल, किंवा त्या वर्षाबाबत खटला सुरू झाला असेल, तरीही हा मार्ग बंद. तिसऱ्या वर्षानंतर आणखी एक अट आहे: जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याआधीची कलम १४८ए ची कारणे दाखवा नोटीस आली की आयटीआर-यू भरता येत नाही. अपवाद एकच, तुमचं प्रकरण पुन्हा उघडण्याजोगं नाही असा आदेश अधिकाऱ्याने दिला तर. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात, पुनर्निर्धारणाची (प्रकरण पुन्हा उघडण्याची) कारवाई सुरू झाल्यावरही आणखी १० टक्के भरून रिटर्न अपडेट करू देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. मात्र त्याच्या भरवशावर थांबण्यात करदात्याचं नुकसानच आहे.

ज्यांनी रिटर्न भरलंच नव्हतं त्यांच्यासाठी दोन मुद्दे. कलम २३४एफ ची लेट फी लागते: ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. सुदैवाने अतिरिक्त कराची टक्केवारी या फीवर बसत नाही. दुसरा मुद्दा मोठा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ मानली जाते आणि जुनी निवडायची तर रिटर्न मूळ मुदतीत भरावं लागतं. मुदत गेली की कलम ८०सी, गृहकर्जाचं व्याज, घरभाडं भत्ता यांच्या जुन्या सवलती धरून केलेला हिशोब कामाला येत नाही.

कागदपत्रं जोडायची नसतात, पण हाताशी हवीत. पॅन, आधार, मूळ रिटर्नची पोचपावती (तिचा क्रमांक आणि तारीख फॉर्ममध्ये लागते), त्या वर्षाचा फॉर्म १६, नोकरी बदलली असल्यास दोन्हीकडचा. दोन्ही कंपन्या आपापल्या हिशोबात प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब धरतात, म्हणून कर कमी कापला जातो. बँकेचं व्याज प्रमाणपत्र, डिमॅट आणि म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट हेही घ्या.

सगळ्यात महत्त्वाचे दोन कागद पोर्टलवरच मिळतात: फॉर्म २६एएस (कापलेल्या आणि भरलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक). तुमच्या पॅनवर कोणी काय कळवलं आहे हे तिथे दिसतं. खात्यालाही तेच दिसतं. पण एआयएसमधले आकडे डोळे झाकून उतरवू नका. शेअर विक्रीसमोरची रक्कम विक्रीची असते, नफ्याची नव्हे. संयुक्त एफडीचं सगळं व्याज अनेकदा पहिल्या नावावर दिसतं. नोंद चुकीची असेल तर तिथेच फीडबॅक नोंदवा आणि मग खरा आकडा धरा. हा मेळ शांतपणे घालायला एक अख्खी संध्याकाळ द्या, कारण रिटर्न एकदाच भरता येतं.

आता प्रत्यक्ष भरणं. ई-फायलिंग पोर्टलवरून त्या कर निर्धारण वर्षाची युटिलिटी (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) घ्या आणि कलम १३९(८ए) निवडा. आयटीआर-यू एकटा भरत नाहीत. त्याच्यासोबत त्या वर्षाचा नेहमीचा फॉर्मही नव्या आकड्यांनी पूर्ण भरावा लागतो. मूळ रिटर्न आयटीआर-१ असलं आणि आता शेअर विक्रीचा नफा दाखवायचा असला, तर आयटीआर-२ घ्या. आयटीआर-यू मध्ये रिटर्न अपडेट करण्याचं कारण निवडायचं, उत्पन्नाच्या प्रकारानुसार वाढीव रक्कम लिहायची आणि कराचा तक्ता तपासायचा. पूर्वी रिफंड मिळाला असेल तर तो या तक्त्यात परत धरला जातो, तो रकाना रिकामा ठेवू नका.

पैसे आधी भरायचे, रिटर्न नंतर. ‘ई-पे टॅक्स’ मध्ये योग्य कर निर्धारण वर्ष आणि ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००)’ निवडा. इथे वर्ष चुकलं तर रक्कम भलत्याच वर्षाला जमा होते आणि ती वळवून घेताना दमछाक होते. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि क्रमांक फॉर्ममध्ये भरा, फाइल अपलोड करा आणि आधार ओटीपी किंवा नेटबँकिंगने लगेच ई-व्हेरिफाय करा. ज्यांचं ऑडिट असतं त्यांना डिजिटल स्वाक्षरी लागते. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरतात.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘करवर्ष’ आलं. त्याआधीच्या वर्षांना मात्र १९६१ चाच कायदा लागू राहतो, म्हणून वरच्या तारखा आणि दर बदलत नाहीत. नव्या कायद्यातही अपडेटेड रिटर्नची चार वर्षांची मुदत कायम आहे.

आणि ज्यांचा रिफंड अडकला आहे, म्हणजे टीडीएस कापला गेला पण रिटर्न भरायचं राहिलं, त्यांनी आयटीआर-यू च्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज आहे. पोर्टलच्या सर्व्हिसेसमध्ये ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’ निवडून तो करायचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो द्यावा लागतो. १ कोटीपर्यंतचे दावे प्रधान आयकर आयुक्त किंवा आयुक्तांकडे जातात आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढायचे असतात. उशिराचं कारण खरं आणि पटण्याजोगं हवं. आजारपणाचे, दवाखान्याचे किंवा कुटुंबातल्या मृत्यूचे कागद असतील तर ते पहिल्याच अर्जासोबत जोडा.