हरितगृह परिणाम

वातावरणातील काही वायू सूर्यप्रकाश बव्हंशी आत येऊ देतात, पण तापलेल्या भूपृष्ठाकडून निघणारे अवरक्त प्रारण (अदृश्य उष्णताकिरण) शोषून त्याचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. त्यामुळे भूपृष्ठ उबदार राहते. या क्रियेस हरितगृह परिणाम म्हणतात. पृथ्वीचे सरासरी तापमान सु. १५° से. आहे. हे वायू नसते, तर ते सु. –१८° से. राहिले असते. हवेचा बहुतेक भाग असलेल्या नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा या क्रियेत जवळजवळ काहीच वाटा नाही. ती मुख्यतः पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड व ओझोन यांच्यामुळे घडते.

कल्पनेचा उगम फ्रेंच गणितज्ञ झोझेफ फूर्ये यांच्या १८२४ च्या निबंधात मानतात (तो १८२७ मध्ये पुन्हा छापला गेल्याने अनेक ग्रंथांत तेच साल आढळते). मात्र त्यात हरितगृह (झाडे वाढवण्याचे काचेचे घर) कोठेच नाही. आहे ती स्विस निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर यांची काचेची तावदाने लावलेली, आतून काळी पेटी. वातावरणाची तुलना हरितगृहाशी १९०१ च्या सुमारास स्वीडनचे निल्स एक्‌होल्म यांनी, तर १९०७ मध्ये इंग्लंडचे जे. एच. पॉयंटिंग यांनी केल्याचे दिसते. संज्ञा रूढ झाली ती त्यानंतर.

संज्ञा फारशी समर्पक नाही. १९०९ मध्ये अमेरिकन भौतिकीविज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी दोन काळ्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर अवरक्त किरण आरपार जाऊ देणारे सैंधवाचे तावदान. दोन्हींतील तापमानांत जेमतेम एका अंशाचा फरक पडला. म्हणजे हरितगृह तापते ते मुख्यतः तापलेली हवा कोंडल्यामुळे. मावळात तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये हेच रोज दिसते : दुपारी उष्मा वाढला की बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे गुंडाळून वर घेतात, छत जागच्या जागी राहते, तरी आतली काहिली उतरते. वातावरणाला असे पडदे नाहीत.

शोधाच्या अग्रमानाविषयी (तो आधी कोणी लावला याविषयी) अलीकडे पुन्हा चर्चा होते. अमेरिकेच्या युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डाय-ऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक, १२५° फॅ. पर्यंत तापले. १८५६ मध्ये ऑल्बनी येथील विज्ञानसभेत त्यांचा निबंध जोसेफ हेन्‍री यांनी वाचला. लंडनमध्ये जॉन टिंडल यांचे प्रयोग १८५९ चे. कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यास हवा तापेल, हा विचार मांडण्याचा मान फूट यांना देणे रास्त होय. पण त्यांच्या प्रयोगात सूर्यप्रकाश आणि अवरक्त प्रारण वेगळे काढलेले नव्हते. टिंडल यांनी ते उष्णतेचा स्वतंत्र स्रोत, सैंधवाने बंद केलेली पितळी नळी व तापविद्युत् पुंज (उष्णता मोजणारे विद्युत् उपकरण) वापरून साधले. यंत्रणेचा पुरावा त्यांचाच मानावा लागतो.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास ५ ते ६ अंश वाढ होईल असे हाताने गणित करून काढले. यावर स्वीडिश भौतिकीविज्ञ क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये आक्षेप घेतला : हा वायू आपल्या पट्ट्यातील (सु. १५ मायक्रोमीटर तरंगलांबीचे) प्रारण आताच पुरते शोषतो, मग आणखी वाढून काय फरक पडणार ? हा आक्षेप अनेक दशके टिकला. त्याचे उत्तर उंचीत आहे. वातावरण ही एक काच नसून थरावर थर आहेत. वायू वाढला की प्रारण अंतराळात निसटण्याची पातळी वर सरकते. तेथील हवा अधिक थंड, म्हणून तिचे उत्सर्जन कमी, आणि तूट भरून येईपर्यंत खालचे सगळे थर तापतात. हवामानशास्त्रज्ञ मानाबे व वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये अभिसरण (तापलेली हवा वर जाणे व थंड हवा खाली येणे) धरून केलेल्या गणितात दुपटीमागे सु. २·३ अंश वाढ आली. सध्या ३ अंशांच्या आसपासचा अंदाज अधिक ग्राह्य धरतात.

हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सु. २८० होता, मौना लोआ (हवाई) येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा सु. ३१५, आणि आता ४२० च्या पुढे आहे. वाफेचा वाटा सर्वांत मोठा. पण ती पाऊस होऊन पडते, त्यामुळे तापमानवाढ सुरू करीत नाही, झालेली वाढवते.

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सु. ०·७ अंशाने वाढल्याचे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. मूळचे भारतीय असलेले वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बने (शीतकपाटे इत्यादींत वापरली गेलेली कृत्रिम संयुगे) हीही प्रभावी हरितगृह वायू असल्याचे दाखवले. वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड यांनी मोकळी सोडलेली ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीची ‘खिडकी’ ती अडवतात. ओझोन थराशी असलेला त्यांचा संबंध हा वेगळा विषय होय.