आधी भट्टीचं झाकण, मग छतावरचं सौर पॅनेल

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मोठ्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकाम कारखान्याचं, वीजबिल उघडा, त्यातला सगळ्यात मोठा वाटा विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीचा निघेल. एक टन लोखंड वितळवून १,५०० अंश सेल्सिअसला न्यायला शास्त्रानुसार साधारण ३९० युनिट पुरतात. प्रत्यक्षात ५५० ते ६५० लागतात. भट्टीभोवतीच्या कॉइलमधून (तांब्याच्या वेटोळ्यातून) थंड पाण्यात जाणारी, आतल्या अस्तरातून झिरपणारी आणि उघड्या तोंडातून उडून जाणारी उष्णता हा मधला फरक खाते.

महिन्याला १,००० टन रस (वितळलेलं लोखंड) काढायचा आणि टनाला ६०० युनिट धरायचे, तर नुसत्या वितळवण्याला ६ लाख युनिट झाले. छतावर १ मेगावॉटचा सौर संच बसवला तर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १ लाख २० हजार मिळतात. गरजेचा पाचवा हिस्सा भागतो, आणि त्यालाही जवळपास १ लाख चौरस फूट छत लागतं. भट्टीवरच टनामागे ५० युनिट वाचवले तर महिन्याला ५० हजार वाचतात. हे ४०० किलोवॉटच्या सौर संचाचं काम झालं, तेही छताला हात न लावता.

सुरुवात झाकणापासून करावी. तापलेला पृष्ठभाग किती उष्णता फेकतो, हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. १,४५० अंशांच्या रसाच्या दर चौरस मीटरमधून दीड-दोनशे किलोवॉट सहज निघून जातात. ६० सेंटिमीटर तोंडाची भट्टी अर्धा तास उघडी राहिली की २० ते ३० युनिट गेलेच. रस गरजेपेक्षा १०० अंश जास्त तापवला, तर हा तोटा आणखी पाव पटीने वाढतो. लॅडल (रस वाहून नेणारं भांडं) यायला उशीर, मोल्ड (वाळूचे साचे) तयार नाहीत, केमिस्टच्या रिपोर्टची वाट, अशा प्रत्येक कारणाने रस भट्टीत उभा राहतो आणि मीटर फिरत राहतो.

मग परतीचा माल, म्हणजे रनर-रायझर: साच्यात रस नेणाऱ्या वाटांत घट्ट झालेलं, पुन्हा वितळवायचं लोखंड. त्यांना चिकटलेली वाळू भट्टीत गेली की स्लॅग (मळी) होते, आणि किलोभर वाळू त्या तापमानाला न्यायला किलोभर लोखंडापेक्षा थोडी जास्तच ऊर्जा लागते. हा माल शॉट ब्लास्ट करून, म्हणजे पोलादी छर्‍यांच्या मार्‍याने साफ करून, मगच भट्टीत टाकावा. पावसाळ्यात स्क्रॅप शेडखालीच हवं, कारण ओला तुकडा रसाखाली गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. तिथे विजेआधी माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

यील्डकडेही, म्हणजे रसातून किती चांगला माल निघतो याकडेही, बघा. टनभर रसातून ६०० किलो चांगलं कास्टिंग निघालं तर टनभर मालामागे १,००० युनिट पडतात, ७०० किलो निघालं तर सुमारे ८६०.

एवढं झालं की सौर संच. इथे एक अडचण बऱ्याच जणांना पहिलं बिल आल्यावरच कळते. कारखान्याला प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर (किलोवॉट) मोटर-भट्टीचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी वीजही (केव्हीएआर) लागते. समजा ८०० किलोवॉट आणि ३०० केव्हीएआर लागतात. सौर संचाने ५०० किलोवॉट दिले, पण केव्हीएआर सगळे ग्रिडमधूनच आले. मग ग्रिडच्या मीटरला ३०० किलोवॉट आणि ३०० केव्हीएआर दिसतात, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामाचा वाटा, ०.९४ वरून ०.७१ वर येतो. महावितरणचं उच्चदाब बिल २०२० पासून केव्हीएएच वर, म्हणजे दोन्ही मिळून घेतलेल्या एकूण विजेवर, निघतं, त्यामुळे अपेक्षेएवढी बचत दिसत नाही. एपीएफसी पॅनेलचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर, सौर जोडणीच्या अलीकडे, ग्रिडच्या बाजूला हवा, किंवा सौर इन्व्हर्टरलाच केव्हीएआर द्यायला लावावं. कपॅसिटर वाढवताना हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) मोजून घ्यावेत. भट्टीच्या कन्व्हर्टरमुळे होणाऱ्या हार्मोनिक्सने साधे कपॅसिटर जळतात.

फाउंड्रीची बारीक धूळ दवात भिजून पॅनेलवर थर धरते. ती सकाळी, पॅनेल तापण्याआधी, मऊ पाण्याने धुवावी. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. आणखी एक गैरसमज म्हणजे वीज गेली तरी सौर संच चालू राहील. प्रत्यक्षात वीज गेली की ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टरही बंद होतो. त्यामुळे कॉइलच्या थंड पाण्यासाठी जनरेटर आणि उंचावरची आणीबाणीची टाकी लागतेच.

उरलेल्या विजेसाठी ओपन ॲक्सेस आहे, म्हणजे बाहेरच्या उत्पादकाकडून ग्रिडमार्गे थेट वीज घेण्याची सोय. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी त्याची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. कोल्हापूरकरांनी त्यात पवनऊर्जेचा वाटा आग्रहाने धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग उतरतात आणि सौर उत्पादन निम्म्याच्या आसपास येतं, पण साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा तेव्हाच जोरात असतो. शिवाय तो रात्रीही वाहतो.

रात्रीचं वितळवणं दिवसा आणता येईल का, हेही तपासावं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. नो-बेक मोल्ड (न भाजता रसायनाने घट्ट होणारे साचे) रात्री करून ठेवले तर रस सकाळी ओतता येतो. ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्याचं, मात्र तसं नाही. तो मोल्ड तासन्‌तास ठेवला तर पृष्ठभाग सुकतो, कडा ढासळतात, वाळू कास्टिंगमध्ये अडकते, आणि वाचलेली वीज रिजेक्शनमध्ये जाते.