पार्श्वभूमी : स्वामित्वधन हा कर की मोबदला?

मुरमाचा डंपर रस्त्यात अडवला की महसूलचा माणूस आधी रॉयल्टीची पावती मागतो. किती ब्रास माल, कुठून उचलला, कुठे चालला, हे सगळे त्या पावतीवरून कळते. (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.) सरकारी मराठीत या रॉयल्टीला ‘स्वामित्वधन’ म्हणतात. जमिनीखालच्या संपत्तीवर राज्याचा हक्क नेमका किती, हा वाद पस्तीस वर्षे याच एका शब्दाभोवती फिरला.

मुरूम, वाळू, खडी ही गौण खनिजे. त्यांचे नियम आणि दर राज्य ठरवते. कोळसा, लोहखनिज, मँगनीज यांची तऱ्हा वेगळी. तिथे खाणीचा पट्टा (भाडेकरार) राज्य देते, स्वामित्वधनही राज्याच्या तिजोरीत जमा होते. दर मात्र केंद्र ठरवते. ‘गौण’ या शब्दाने फसू नये. खनिज कमी मोलाचे, असा त्याचा अर्थ नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने नियम करण्याचा अधिकार कोणाकडे ठेवला, एवढेच त्यावरून कळते. साधी मातीसुद्धा भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर गौण खनिज ठरते, असे केंद्राने २००० साली अधिसूचना काढून ठरवले. मग पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर पसरली तर? पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नुसते खणले म्हणून वसुली करता येणार नाही, मातीचा वापर कशासाठी झाला ते तपासा, असे २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले.

आता मूळ वाद. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खाणींचे नियमन राज्यसूचीत आहे (नोंद २३), पण केंद्राच्या सूचीतल्या खाणींविषयीच्या नोंद ५४ च्या अधीन. खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकारही राज्यांचाच (नोंद ५०), पण संसद खनिज विकासाच्या कायद्याने घालील त्या मर्यादांत. दोन्ही ठिकाणी हा ‘पण’ आहे आणि सगळी भांडणे त्यातूनच निघाली.

तमिळनाडूत ग्रामपंचायतींसाठी जमीन महसुलाच्या दर रुपयामागे ४५ पैसे स्थानिक उपकर होता. १९६४ मध्ये कायद्यात एक स्पष्टीकरण घालून स्वामित्वधनही ‘जमीन महसूल’ या व्याख्येत आणले गेले. चुनखडी काढणारी एक सिमेंट कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९८९ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा उपकर रद्द केला. त्या निकालात एक वाक्य होते : स्वामित्वधन हा कर आहे, म्हणून त्यावरचा उपकर राज्याच्या अधिकाराबाहेरचा आहे. इतर राज्यांचे असेच उपकरही मग अडचणीत आले. आधी वसूल झालेला पैसा परत करावा लागू नये म्हणून १९९२ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

२००४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेच वाक्य पुन्हा वाचले आणि त्यात टंकनाची चूक झाली असल्याचे म्हटले. म्हणायचे होते ‘स्वामित्वधनावरील उपकर हा कर आहे’. पडले ‘स्वामित्वधन हा कर आहे’. मूळ इंग्रजीतले दोन शब्द गळाल्याने पंधरा वर्षे राज्यांचा हात बांधला गेला होता, असा त्याचा अर्थ. पण सातांचे वाक्य पाचांनी दुरुस्त करायचे कसे? २०११ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे गेला आणि तिथे आणखी तेरा वर्षे राहिला. खनिजे असलेल्या राज्यांवर हा मोठा अन्याय होता, असेच म्हटले पाहिजे. खाणीची धूळ, खचलेली जमीन आणि ओव्हरबर्डनचे (खनिजावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे) डोंगर चंद्रपूर, यवतमाळच्या वाट्याला येतात; ते निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.

ऊर्जेच्या बाबतीत राज्याचा हात आणखी आखूड आहे. वीज समवर्ती सूचीत, तेलक्षेत्रे केंद्राच्या सूचीत. मुंबई हायचे तेल महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचे, पण समुद्रातल्या तेलाचे स्वामित्वधन केंद्राला जाते. कोळशावर २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के दर आहे. १९५७ च्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि खाणबाधित गावांसाठी पट्टेधारकाकडून वेगळी रक्कम घेणे सुरू झाले. जुन्या पट्ट्यांवर ती स्वामित्वधनाच्या ३० टक्के, लिलावात दिलेल्यांवर १० टक्के. म्हणजे जुन्या खाणीतून शंभर रुपयांचा कोळसा निघाला की १४ रुपये राज्याला आणि वर ४ रुपये २० पैसे जिल्ह्याला. गावाचा हा वाटाही शेवटी केंद्राने ठरवलेल्या दरालाच बांधलेला.

२५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. स्वामित्वधन हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेधारकाने करारानुसार द्यायचा तो मोबदला आहे. राज्यांना खनिज हक्कांवर कर लावता येतो आणि खनिज असलेल्या जमिनीवरही. राज्याराज्यांत महसुलासाठी चढाओढ लागेल आणि खनिज विकासाची देशभरची एकसूत्रता मोडेल, असे एका न्यायमूर्तींचे भिन्न मत होते. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर लगाम घालण्याचा अधिकार नोंद ५० नेच संसदेला दिलेला आहे.

१४ ऑगस्टला वसुलीचा हिशेब ठरला. १ एप्रिल २००५ पासूनच्या व्यवहारांवर राज्यांना मागणी करता येईल, रक्कम १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्यांनी घ्यायची, निकालाआधीच्या काळाचे व्याज आणि दंड माफ. त्याच वर्षी झारखंडने खनिज असलेल्या जमिनीवर उपकराचा कायदा केला. तमिळनाडूनेही अशा जमिनीवर कर बसवणारा कायदा केला आणि एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. ज्या चुनखडीवरून १९८९ चा निकाल आला, ती या कराच्या यादीत आहे.