रात्री हाताला मुंग्या येतात? सुया लावून घेण्याआधी हे वाचा

रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. हात पलंगाखाली सोडून झटकला की बरं वाटतं, पण डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. दिवसा पोळ्या लाटताना, शिवताना, दुचाकीचा क्लच दाबताना, फोन कानाला धरताना त्रास होतो. घरचे म्हणतात वारा लागला, शेजारी म्हणतात मानेची नस. आम्ही ॲक्युपंक्चर, म्हणजे सुयांचा उपचार, करतो आणि आधी एकच विचारतो: करंगळीलाही मुंग्या येतात का?

कारण असं आहे. मनगटात हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर आडवा, चिवट पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि मीडियन नावाची एक नस जाते. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की जागा पुरत नाही, आणि त्या गर्दीत चेपली जाते ती नस, कारण सगळ्यांत मऊ तीच. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. म्हणून अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर संशय मनगटावर. करंगळीही बधिर असेल तर कोपर किंवा मान तपासायला हवी.

घरी एक करून बघा. दोन्ही पंजांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे करा आणि मिनिटभर तसेच धरा. मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवा. पक्कं निदान त्यांचं, आमचं नाही. नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे नसेचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट असेल तर घेऊन या. थायरॉइड आणि साखर तपासली नसेल तर तपासून घ्या, कारण मूळ कधीकधी तिथे असतं. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बहुधा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतो. त्यासाठी पैसे घालवण्याची घाई करू नका.

आम्ही काय करतो

केसासारखी बारीक सुई मनगटाच्या घडीत, मधोमध लागते. त्या बिंदूला दालिंग म्हणतात. दुसरी तिथून तीन बोटं वर, दोन दोऱ्यांच्या मधे, नेइग्वानवर. गरजेप्रमाणे आणखी दोन-चार. टोचणं डासाइतकंच, मग आत जडपणा येतो. नंतर सुयांना छोटे चिमटे लावून बॅटरीवरच्या यंत्राचा अगदी सौम्य प्रवाह सोडतो, बहुतेक वेळा सेकंदाला दोन ठोके. बटण हळूहळू फिरवतो आणि ठोका जाणवला की थांबतो. बोट तालात हलकंच उडतं. एक आजी म्हणाल्या, मनगटात घड्याळ बसवल्यासारखं वाटतंय. दुखलं तर लगेच सांगा. जास्त करंट म्हणजे जास्त गुण, असं काही नसतं. वीसेक मिनिटं पडून राहायचं, बस्स.

ही विद्या भारतात आणली डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी, १९५९ मध्ये, चीनहून. सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पथकातले हे डॉक्टर.

गुण येतो का?

सौम्य आणि मध्यम त्रासात येऊ शकतो, पण जादू नाही. हाँगकाँगमध्ये १८१ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सगळ्यांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला, अर्ध्यांना सोबत इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, म्हणजे सुयांतून सौम्य प्रवाह. सुयांवाल्या गटाला थोडा जास्त आराम पडला. थोडाच. २०१७ च्या बोस्टनच्या अभ्यासात तर खोट्या सुया लावलेल्यांनाही बरं वाटलं. मात्र नसेचा वेग सुधारला तो खऱ्या सुया लावलेल्यांचाच. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने पुरावा कच्चा ठरवला. हे आम्ही लपवत नाही.

म्हणून आमची पद्धत अशी: आठवड्याला दोन बैठका. सहा झाल्या आणि रात्रीची झोप सुधारली नाही, तर आम्हीच थांबवतो. आणि मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधायचाच. मेडिकलमध्ये मिळतो, सुयांपेक्षा स्वस्त पडतो. तो न बांधणाऱ्यांना आम्ही पुढची तारीख देत नाही. यावरून दोन-तीन जण रुसलेही आहेत.

अंगठ्याखालचा गुबगुबीत उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसतोय, शर्टाची बटणं लागत नाहीत, कप हातातून निसटतो? मग आमच्याकडे येऊ नका, हाताच्या सर्जनकडे जा. मनगटातला तो आडवा पट्टा कापून नस मोकळी करतात, साधारणपणे तेवढीच जागा बधिर करून. सुकलेला स्नायू सुयांनी भरून येत नाही, आणि आमच्याकडे घालवलेले महिने नसेला महाग पडतात.

पेसमेकर असेल तर प्रवाह लावत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, फिट येत असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. प्रत्येकाला नवी सुई, पाकीट तुमच्यासमोर फोडतो. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची स्वतंत्र परिषद आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला लाजू नका, आम्हालाही विचारा.

येताना थोडं खाऊन या, उपाशीपोटी चक्कर येते. घड्याळ-अंगठी घरी ठेवा. बांगड्या वर सरकवून जमतं. हातभर चुडा असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे जरा जास्त वेळ राखून ठेवू.