मेडिकेअर फॉर ऑल आणि पब्लिक ऑप्शन: एका रकान्यात न मावणाऱ्या दोन भूमिका

अमेरिकेत संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुका जवळ आल्या की आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर उमेदवारांच्या तुलनेचे तक्ते फिरू लागतात. डावीकडे विषय, वर दोन-तीन नावे आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची किंवा चुकीची खूण. ‘आरोग्यसेवा’ या ओळीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन्ही उमेदवारांपुढे बरोबरची खूण असते आणि खाली कोणीतरी हमखास लिहिते की दोघेही ‘सर्वांसाठी मेडिकेअर’वाले आहेत, तेव्हा या मुद्द्यावर डोके खपवू नका. पुष्कळदा त्यांतला एक मेडिकेअर फॉर ऑलचा, म्हणजे सर्वांसाठी एकाच सरकारी विम्याचा, समर्थक असतो आणि दुसरा पब्लिक ऑप्शनचा, म्हणजे खाजगी विम्याच्या जोडीला सरकारी पर्यायाचा, आणि या दोन योजनांमध्ये जेवढे अंतर आहे तेवढे त्या तक्त्यातल्या दुसऱ्या कुठल्याही ओळीत नसते. दर दोन वर्षांनी हा घोळ नव्याने होतो, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

भारतातल्या निवडणुका पाहत मोठ्या झालेल्या वाचकाला ‘उमेदवाराच्या वैयक्तिक भूमिकेला एवढे महत्त्व कशाला?’ असे वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देऊन सहसा टिकत नाही. अमेरिकेत तसा कायदा नाही. प्रतिनिधीचे मत त्याचे स्वतःचे असते, आणि ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे प्राबल्य असते तिथे खरी निवड प्रायमरीतच होते. म्हणून एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमधला फरक नीट समजून घ्यावा लागतो.

मेडिकेअर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. १९६५ च्या कायद्याने आलेला, मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांचा सरकारी विमा तुम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी पगारातून १.४५ टक्के कापले जातात हेही ठाऊक आहे. मेडिकेड ही कमी उत्पन्न असलेल्यांची वेगळी योजना. ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट हे एकच: ओबामा यांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा. इथवरचे गोंधळ किरकोळ आहेत.

खरा गोंधळ कुठे होतो ते ओहायोच्या ११व्या मतदारसंघाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. क्लीव्हलंड शहर आणि तिथून ॲक्रनपर्यंत पसरलेला हा भाग पक्का डेमोक्रॅटिक होता. तिथल्या प्रतिनिधी मार्शिया फज २०२१ मध्ये बायडेन यांच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि रिकाम्या जागेसाठी ३ ऑगस्ट २०२१ रोजी प्रायमरी झाली. मुख्य लढत नीना टर्नर आणि शॉन्टेल ब्राउन यांच्यात होती. टर्नर या राज्याच्या माजी सिनेटर आणि सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. त्यांनी मेडिकेअर फॉर ऑल हा प्रचाराचा कणाच केला होता. ब्राउन या कायाहोगा काउंटीच्या परिषदेच्या सदस्य आणि तिथल्या पक्षशाखेच्या अध्यक्ष. ओबामाकेअरचा पाया कायम ठेवून त्यात पब्लिक ऑप्शनची भर घालावी, यावर त्यांचा भर होता. एकीला सँडर्स यांचा पाठिंबा होता, दुसरीला हिलरी क्लिंटन यांचा. ब्राउन सुमारे ५० टक्के विरुद्ध ४५ टक्के अशा फरकाने जिंकल्या, आणि २०२२ च्या प्रायमरीत पुन्हा त्याच दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ब्राउन यांना जवळपास दोनतृतीयांश मते पडली. हा निकाल आरोग्याच्या मुद्द्यावरचा कौल होता असे मी म्हणणार नाही. परराष्ट्र धोरणावरून बाहेरच्या गटांनी ओतलेला पैसा आणि बायडेन यांच्याशी निष्ठेचा प्रश्न हेही त्यात होते. पण ‘सर्वांना आरोग्यसेवा मिळालीच पाहिजे’ हे वाक्य दोघींपैकी कोणाच्याही तोंडी शोभले असते, आणि त्या एका वाक्यावरून तक्ता भरला असता तर दोघींपुढे एकच खूण पडली असती.

तर फरक कोणता? सरकार पैसे देते की नाही, हा तो फरक नव्हे. दोन्हींत सरकार पैसे देते. प्रत्येकाला विमा मिळावा हा हेतू आहे की नाही, हाही नव्हे. हेतू दोघांचाही तोच असतो. ही योजना लागू झाल्यावर तुमच्या कंपनीतून मिळणारा विमा शिल्लक राहील की नाही, हा तो फरक आहे. मेडिकेअर फॉर ऑलमध्ये तो राहत नाही. पब्लिक ऑप्शनमध्ये राहतो, आणि त्याच्या शेजारी सरकारी योजनेचा आणखी एक पर्याय उभा राहतो. बाकीचे बहुतेक फरक या एकातूनच निघतात.

डेमोक्रॅटिक प्रतिनिधी प्रमिला जयपाल यांनी प्रतिनिधिगृहात मांडलेल्या मेडिकेअर फॉर ऑल विधेयकात याबद्दल संदिग्धता ठेवलेली नाही. सरकारी योजनेत जे लाभ आहेत तेच लाभ देणारा खाजगी विमा विकण्यास त्यात सरळ मनाई आहे. योजनेत नसलेल्या गोष्टींपुरता पूरक विमा तेवढा विकता येईल. कंपनीलाही तसा विमा कर्मचाऱ्यांना देता येणार नाही. त्या बदल्यात हप्ता नाही, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) नाही, को-पे (प्रत्येक भेटीचा आपला वाटा) नाही, नेटवर्क (ठरावीक डॉक्टरांचे बंधन) नाही; दात, डोळे, कान आणि दीर्घकालीन शुश्रूषा हे सगळे त्यात येते. आज आपल्या आईवडिलांना मिळणारे मेडिकेअर असे नाही. मूळ मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागात, साधारण २० टक्के खर्च रुग्णाला सोसावा लागतो, त्या खर्चाला वरची मर्यादा नसते आणि दातांचे बहुतेक उपचार त्यात बसत नाहीत. म्हणून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना घेतात, आणि त्या योजनाही या विधेयकाखाली बंद होतील. ‘म्हणजे आहे तेच मेडिकेअर आपल्यालाही मिळणार’ असे समजून पाठिंबा देणारा आणि त्याच समजुतीने विरोध करणारा, दोघेही वेगळ्याच कशाबद्दल तरी बोलत असतात.

घरच्या हिशेबात हे कसे दिसते ते पाहायचे असेल तर जानेवारीत मालकाकडून येणारा डब्ल्यू-२ फॉर्म (वर्षभराचा पगार आणि कापलेले कर यांचा दाखला) काढा आणि १२ क्रमांकाच्या चौकटीत ‘डीडी’ या खुणेपुढचा आकडा पाहा. तुमच्या आरोग्यविम्याचा वर्षभराचा पूर्ण खर्च तो, तुमचा आणि कंपनीचा वाटा मिळून. पगाराच्या पावतीवर फक्त तुमचा वाटा दिसतो, म्हणून हा आकडा पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत कंपनीमार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक खर्च २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून ६,२९६ डॉलर जात होते. मेडिकेअर फॉर ऑल आले तर डीडीची ही नोंद जाईल आणि कराच्या ओळी वाढतील. किती वाढतील हे जयपाल यांच्या विधेयकात नाही. कर कोणता लावायचा ते त्यात ठरवलेलेच नाही. सँडर्स यांच्या कार्यालयाने सुचवलेल्या पर्यायांमध्ये कुटुंबांकडून उत्पन्नाच्या ४ टक्के आणि मालकांकडून ७.५ टक्के वसूल करणे हेही होते. पब्लिक ऑप्शन आला तर मात्र डीडीची नोंद जिथल्या तिथे राहील. तुम्ही स्वतः कंपनीचा विमा सोडलात तरच ती बदलेल.

म्हणूनच मेडिकेअर फॉर ऑलला ‘फुकट’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दवाखान्यात बिल मिळत नाही याचा अर्थ पैसे कोणी देत नाही असा होत नाही. ‘ब्रिटनसारखे होणार’ हेही तितकेच चुकीचे आहे. ब्रिटनमध्ये इस्पितळे बहुतांशी सरकारच्या मालकीची आहेत. या विधेयकाखाली इस्पितळे आणि डॉक्टर आज जसे आहेत तसेच राहतील, फक्त बिल चुकवणारा एकच असेल. ते कॅनडाच्या जवळ जाणारे आहे.

पब्लिक ऑप्शनबाबत अडचण वेगळीच आहे. मेडिकेअर फॉर ऑल म्हटले की निदान एक ठरावीक विधेयक डोळ्यांपुढे येते. पब्लिक ऑप्शन या नावाखाली मात्र बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. ७ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिनिधिगृहाने २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात पब्लिक ऑप्शन होता, आणि तो सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी लागणारी ६० मते जमेनात म्हणून गळाला. पण तो सुरुवातीला मुख्यतः स्वतंत्रपणे विमा घेणाऱ्यांसाठी आणि छोट्या कंपन्यांसाठी होता. मोठ्या कंपनीतल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. बायडेन यांच्या २०२० च्या प्रस्तावात कंपनीचा विमा सोडून सबसिडीसह सरकारी योजना घेण्याची मुभा होती, म्हणजे तो बराच पुढे गेलेला होता. वॉशिंग्टन राज्यात २०२१ पासून मिळणारा पब्लिक ऑप्शन तर राज्याशी करार करून खाजगी विमा कंपन्याच चालवतात. राज्याने लाभ ठरवून दिले आणि डॉक्टर व इस्पितळांना द्यायच्या पैशांवर एकंदरीत मेडिकेअरच्या दराच्या १६० टक्क्यांची मर्यादा घातली. सुरुवातीला इस्पितळे त्यात यायला तयार होईनात, तेव्हा विधिमंडळाला त्यांच्या सहभागासाठी आणखी कायदा करावा लागला. ‘मी पब्लिक ऑप्शनच्या बाजूचा आहे’ असे उमेदवार म्हणाला तर त्याला लगेच विचारायला हवे की तो घेता कोणाला येईल, चालवणार कोण आणि इस्पितळांना त्यात यावेच लागेल का. या तीन उत्तरांशिवाय ती भूमिका अर्धवटच आहे.

माझा कल लपवत नाही. विमा नोकरीला बांधलेला असणे मला मुळातच चुकीचे वाटते. आपल्यातल्या ज्या कुटुंबांचा व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला असतो त्यांना नोकरी गेली की एकाच आठवड्यात दोन्ही चिंता घेरतात. म्हणून मी मेडिकेअर फॉर ऑलच्या बाजूने मत देईन. पण कंपनीचा चांगला विमा असलेल्या आणि तो सोडायची तयारी नसलेल्या मतदाराची भीती मला खुळी वाटत नाही, आणि त्या भीतीला उत्तर म्हणून पब्लिक ऑप्शन मांडणारा उमेदवार अप्रामाणिक आहे असेही मी मानत नाही. अप्रामाणिक म्हणायचे तर ‘प्रत्येकाला परवडणारी आरोग्यसेवा उपलब्ध असावी’ एवढेच सांगून दोन्ही बाजूंच्या टाळ्या घेणाऱ्या उमेदवाराला म्हणेन. या वाक्याला कोणत्याही पक्षाचा कोणीही विरोध करणार नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याला तुलनेत स्थान नसावे.

विद्यमान प्रतिनिधीची भूमिका शोधणे सोपे आहे. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की सहप्रस्तावकांची, म्हणजे विधेयकावर सही करून पाठिंबा देणाऱ्यांची, नावे तारखांसह दिसतात. मात्र दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते, जुने विधेयक संपते आणि ते नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावे लागते. जयपाल यांचे विधेयक २०१९ मध्ये एच.आर. १३८४ होते, २०२१ मध्ये एच.आर. १९७६ आणि २०२३ मध्ये एच.आर. ३४२१. म्हणून ‘त्यांनी सही केली आहे’ असे कोणी सांगितले तर कोणत्या क्रमांकावर ते विचारावे. एका विधेयकावर असलेली आणि पुढच्यावर नसलेली सही हा प्रचारसभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘मतदानाला आले तर मी बाजूने मत देईन’ हे सहप्रस्तावक होण्याच्या बरोबरीचे नाही, कारण समितीत अडकलेले विधेयक मतदानाला येतच नाही आणि ते पुढे रेटण्यासाठीच सह्या गोळा करायच्या असतात.

आपल्या घरांपुरता एक प्रश्न उरतो, आणि तो इथल्या कुठल्याच तक्त्यात मी पाहिलेला नाही. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांनी इथे पुरेशी वर्षे काम केलेले नसेल तर आज त्यांना ६५ वर्षांनंतरही मेडिकेअर विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागते. तोवर बहुतेक जण ओबामाकेअरच्या बाजारातून, म्हणजे त्या कायद्याखालच्या विमा-विक्रीच्या व्यवस्थेतून, विमा घेतात. पब्लिक ऑप्शन याच बाजारात येणार असेल तर त्यांना तो घेता येईल, आणि सबसिडी मिळेल की नाही ते त्या वेळच्या नियमांवर अवलंबून राहील. मेडिकेअर फॉर ऑलच्या विधेयकात देशातल्या प्रत्येक रहिवाशाला हक्क दिलेला आहे, पण रहिवासी कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचे काम आरोग्यमंत्र्यांवर सोडलेले आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा मुलगा, त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरची सून आणि कालच ग्रीन कार्ड हातात पडलेले वडील यांपैकी कोण त्यात बसतील, याचे उत्तर विधेयकाच्या समर्थक उमेदवाराकडून घ्यायलाच हवे, आणि ते लेखी मिळाले तर अधिक चांगले.