क्ष-किरण खगोलशास्त्र व सौर सक्रियता : हौशी निरीक्षण (नागपूर)

खस्थ (आकाशातील) पदार्थांपासून येणाऱ्या सुमारे ०.०१ ते १० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रारणाचा अभ्यास करणारी खगोलशास्त्राची शाखा. हे प्रारण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोग्रॅम हवा उभी आहे. क्ष-किरणांच्या हिशेबाने डोक्यावर दहा मीटर खोल पाणी. रामटेकच्या गडावर कितीही मोठी दुर्बीण नेली तरी तिला क्ष-किरण मिळणार नाहीत. मात्र सूर्याचे क्ष-किरण ज्या उंचीवर अडतात तिथल्या हवेत ते खूण ठेवतात, आणि ती खूण घरच्या गच्चीवर तारेच्या वेटोळ्याने वाचता येते. प्रस्तुत नोंदीचा भर त्या पद्धतीवर आहे.

इतिहास : सूर्याचे क्ष-किरण प्रथम कोणी नोंदवले याचे उत्तर ‘नोंद’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन यांना सूर्यावरील एका डागसमूहावर पांढऱ्या प्रकाशाचा उद्रेक स्वतंत्रपणे दिसला. त्याच सुमारास क्यू वेधशाळेच्या चुंबकमापकाच्या रेघेत आकड्यासारखा एक लहानसा बाक उमटला. उद्रेकातील क्ष-किरण व अतिजंबुपार किरणांनी आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युत् भारित थरांतील) विद्युत् प्रवाह एकाएकी वाढवले म्हणून तो उमटला, असे आता मानतात. राँटगेन यांचा क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. म्हणजे नाव मिळण्याच्या छत्तीस वर्षे आधी या किरणांचा परिणाम कागदावर उतरला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची प्रसिद्ध नोंद पुष्कळदा याच्याशी जोडली जाते, ते बरोबर नाही. कुलाब्याला दिसलेली चुंबकीय क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण दुसऱ्या दिवशीच्या चुंबकीय वादळाची आहे. तिचे कारण सूर्यापासून सुटून पृथ्वीवर आदळलेला आयनद्रायू (विद्युत् भारित कणांचा वायू) होय, क्ष-किरण नव्हेत.

लघुतरंगांवरील रेडिओ संदेश भर दिवसा अचानक बंद पडतात, हे जर्मनीत म्योगेल यांनी १९३० मध्ये व अमेरिकेत डेलिंजर यांनी १९३५ मध्ये मांडले. इंग्रजी ग्रंथांत बहुधा डेलिंजर यांचेच नाव येते. दोघांची नावे जोडून लिहिणे अधिक न्याय्य वाटते. प्रत्यक्ष क्ष-किरण पकडण्याचा मान काही लेखक बर्नाइट यांना देतात. त्यांनी १९४८ मध्ये व्ही-२ रॉकेटातून बेरिलियमच्या पत्र्याआड छायाचित्रण फिल्म पाठवली व ती काळवंडून परत आली. पण फिल्म फक्त एकूण परिणाम सांगते. किरण किती उंचीवर भेटले, त्यांची तरंगलांबी काय, हे ती सांगत नाही. २९ सप्टेंबर १९४९ रोजी हर्बर्ट फ्रिडमन व सहकाऱ्यांनी व्ही-२ मध्ये बसवलेल्या गणित्रांनी (किरण मोजणाऱ्या नळ्यांनी) दोन्ही गोष्टी उड्डाण चालू असतानाच कळवल्या : सुमारे ८ आंगस्ट्रॉमचे (०.८ नॅनोमीटरचे) क्ष-किरण ८७ किमी.च्या वर. मोजमापाचा आरंभ इथून धरणे सयुक्तिक ठरते.

सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण स्रोत वृश्चिक तारकासमूहातील तारा वृश्चिक एक्स-१. जाकोनी, गर्स्की, पाओलिनी व रॉसी यांच्या एरोबी रॉकेटाला तो सापडला. शोधायचे होते ते चंद्रावरून येणारे क्ष-किरण. तारीख कुठे १८ तर कुठे १९ जून १९६२ अशी आढळते. उड्डाण स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीला एक मिनिट असताना झाले, म्हणून जागतिक वेळेत तारीख बदलते. दोन्ही बरोबर आहेत.

या ताऱ्याविषयी भारतातून झालेला एक दावा हौशी निरीक्षकांना विशेष जवळचा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अनंतकृष्णन व के. आर. रामनाथन हे ताश्कंदहून येणाऱ्या १६४ किलोहर्ट्झच्या रेडिओ संदेशाची तीव्रता नोंदवत. वृश्चिक एक्स-१ डोक्यावरून जाताना रात्री ही तीव्रता घटते, असे त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. एका ताऱ्याच्या क्ष-किरणांनी रात्रीचे आयनांबर बदलावे, ही कल्पनाच विलक्षण होती. पुढे इतरांनी केलेल्या गणितांत ताऱ्यामुळे होणारे आयनीभवन रात्रीच्या विखुरलेल्या जंबुपार प्रकाशापुढे फार तोकडे ठरले, आणि आता कल त्या बाजूला आहे. पद्धत मात्र खोटी ठरली नाही. २७ ऑगस्ट १९९८ रोजी गरुड तारकासमूहातील एका चुंबकताऱ्याच्या (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या ताऱ्याच्या) स्फोटाने, आणि ९ ऑक्टोबर २०२२ रोजी दूरच्या गॅमा-किरण स्फोटाने आयनांबरात उठवलेला तरंग अतिनीच कंप्रतेच्या (फार कमी कंप्रतेच्या रेडिओ तरंगांच्या) नोंदींत स्पष्ट सापडला.

डी थर : दिवसा ६० ते ९० किमी. उंचीवर आयनांबराचा सर्वांत खालचा थर असतो. एरवी तो हायड्रोजनच्या १२१.६ नॅनोमीटरच्या प्रकाशाने टिकतो. सौर ज्वालेच्या (सूर्यावरील उद्रेकाच्या) वेळी १ नॅनोमीटरहून आखूड क्ष-किरण त्यात भर घालतात. मध्यम व लघुतरंग या थरात शोषले जातात. नागपूरच्या १,००० किलोवॉटच्या मध्यमतरंग प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रीच चालत असे. सूर्यास्तानंतर हा थर विरला की एकाच ठिकाणचा आवाज देशभर पोहोचे. अतिनीच कंप्रतेचे, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झचे, तरंग याउलट या थराच्या खालच्या अंगावरून परावर्तित होतात. ज्वालेत ते अंग सुमारे दहा किमी. खाली उतरते व दूरच्या प्रक्षेपण केंद्राच्या संदेशाची तीव्रता बदलते.

रेडिओ ग्राहक व वेटोळे : नागपूरहून दोन केंद्रे सोयीची. तमिळनाडूतील विजयनारायणम् येथील १८.२ किलोहर्ट्झचे नौदलाचे केंद्र सुमारे १,४०० किमी.वर, जवळजवळ थेट दक्षिणेला आहे; मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने त्यावर ऊन जवळपास एकाच वेळी येते व नोंद वाचायला सोपी जाते. ऑस्ट्रेलियातील नॉर्थ वेस्ट केपचे १९.८ किलोहर्ट्झचे केंद्र आग्नेयेला, सुमारे ६,१०० किमी.वर. वेटोळ्याचे प्रतल केंद्राच्या दिशेत ठेवायचे, केंद्राकडे तोंड करून नव्हे. ही चूक सर्रास होते आणि मग ‘केंद्र बंदच आहे’ असा समज होतो.

एक मीटर बाजूच्या लाकडी किंवा पीव्हीसी चौकटीवर २४ गेज एनॅमल तारेचे ५० वेढे : २०० मीटर तार, वजन साधारण ४४० ग्रॅम, रोध १४ ओहम. लोखंडी चौकट चालत नाही. वेढे एका सेंटीमीटरच्या जुडग्यात बांधल्यास प्रेरकत्व ९ मिलिहेन्रीच्या आसपास येते व १८.२ किलोहर्ट्झला ट्यून करण्यास एकूण ८.५ नॅनोफॅरडच्या जवळपास धारिता लागते. सिरॅमिकऐवजी पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घ्यावा. नागपूरच्या गच्चीवर जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तापमान इतके बदलते की साध्या सिरॅमिकची धारिता सरकते व केंद्र हातचे जाते. केबलची धारिता हिशेबात धरावी. डिश टीव्हीच्या केबलची मीटरला सुमारे ५० पिकोफॅरड असते, म्हणजे १५ मीटरला पाऊण नॅनोफॅरड. तेवढ्याने ट्यूनिंग सातशे हर्ट्झच्या वर ढळते, आणि वेटोळ्याचा पट्टा जेमतेम तीन-चारशे हर्ट्झ रुंद असतो.

वेटोळे संगणकाच्या माइकच्या खाचेत थेट जोडू नये. तिचा रोध काही हजार ओहमच असतो. तो समांतर बसला की वेटोळ्याचा धारदारपणा संपतो. मध्ये टीएल०७१ सारखा एफईटी-प्रवेशाचा ऑप-अँप (वर्धक चिप), दोन ९ व्होल्ट बॅटऱ्यांवर, ५० पट वर्धनाने वापरावा. त्याच्या प्रवेशावर १एन४१४८ चे दोन डायोड उलट-सुलट जोडावेत; विदर्भातील एप्रिल-मेच्या वादळांत जवळ वीज पडल्यास निदान लहान धक्के ते पचवतात. मेघगर्जना ऐकू आली की केबल काढणे हाच खरा उपाय. साउंडकार्डाला सेकंदाला ४८,००० नमुने पुरतात. त्यात २४ किलोहर्ट्झपर्यंत सगळे येते. दर ५ सेकंदांची सरासरी साठवावी व घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवून जागतिक वेळेवर ठेवावे. दोन्ही केंद्रे एकदम हवी असल्यास वेटोळे ट्यून न करता वर्धन वाढवतात. गोंगाट मग बराच वाढतो.

गोंगाटाचे मूळ बहुधा घरातच निघते : एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, लॅपटॉपचा चार्जर. उन्हाळ्यात त्यात कूलर येतो. त्याच्या पंख्याचा फिरता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात विद्युत् प्रवाह कापतो आणि सगळा पट्टा भरून टाकतो; पायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर लावल्यास हा त्रास जवळपास जातो. शेजारच्या घराचा गोंगाट असेल तर वेटोळे थोडे फिरवून त्याचे प्रतल गोंगाटाच्या दिशेशी काटकोनात आणावे. केंद्राची थोडी तीव्रता घटली तरी नोंद स्वच्छ होते.

नोंद वाचणे : शांत दिवसाची रेघ सूर्योदयाला व सूर्यास्ताला खड्डे दाखवते, दुपारभर सपाट कमान. किमान दहा शांत दिवस नोंदवल्याशिवाय ज्वाला ओळखू नये. ज्वालेचा उठाव बैलाच्या वशिंडासारखा असतो : पुढून दोन-पाच मिनिटांत चढ, मागे अर्धा-पाऊण तास उतार. क्वचित तो उलटा, खड्डा म्हणूनही येतो. अनेक मार्गांनी आलेले तरंग एकमेकांत मिसळण्यावर ते अवलंबून आहे. शिखर क्ष-किरणांच्या शिखरानंतर एक ते काही मिनिटांनी येते, कारण थराला इलेक्ट्रॉन गमवायला वेळ लागतो. काटकोनात पडणारी व तशीच वर येणारी रेघ म्हणजे केंद्र बंद, ज्वाला नव्हे.

पडताळा गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या क्ष-किरण मापकांच्या ०.१–०.८ नॅनोमीटर पट्ट्याशी घेतात. चौरस मीटरला १०⁻⁶ वॉटपासून सी, १०⁻⁵ पासून एम व १०⁻⁴ पासून एक्स वर्ग. गच्चीवरच्या वेटोळ्यात सी वर्गाच्या मध्यापासून पुढच्या ज्वाला सहसा दिसतात. जुन्या यादीशी तुलना करताना सावध राहावे : गोज-८ ते गोज-१५ चे प्रकाशित आकडे ०.७ ने गुणलेले होते, गोज-१६ पासून तसे नाही. म्हणून ६ सप्टेंबर २०१७ ची एक्स ९.३ ज्वाला नव्या हिशेबात एक्स १३.३ होते. जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवून सूर्य नागपूरच्या क्षितिजाच्या वर होता का, हे आधी पाहावे. ती ज्वाला १२:०२ ला, म्हणजे इथल्या १७:३२ ला शिखरावर होती; दिसण्याजोगी. ११ मे २०२४ ची एक्स ५.८ सकाळी ६:५३ ला, ऊन निघून तासाभराने. १४ मे २०२४ ची एक्स ८.७ रात्री १०:२१ ला. तिचा नागपुरात मागमूस नाही.

या पद्धतीचे वजन दाखवणारी घटना ४ नोव्हेंबर २००३ ची. ज्वालेने गोजचे संवेदक एक्स १७ च्या आसपास संपृक्त केले व अंदाजाने एक्स २८ छापले गेले. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या गटाने पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या अतिनीच कंप्रतेच्या संदेशांच्या कलेतील (तरंगाच्या आवर्तनातील स्थितीतील) बदलावरून ती एक्स ४५ च्या घरात नेली. तेव्हा भारतात मध्यरात्र उलटली होती.

सूर्यावरील डागांचे निरीक्षण : ६० मिमी. व्यास, ७०० मिमी. नाभ्यंतराच्या (केंद्रांतराच्या) दुर्बिणीत सूर्याची प्रतिमा सुमारे ६.४ मिमी. असते. २० मिमी. नेत्रिकेमागे (डोळ्याकडील भिंगामागे) ४९ सेंमी.वर कागद धरल्यास १५ सेंमी.ची तबकडी मिळते. चिकटवलेल्या भिंगांची नेत्रिका तापून खराब होते. सुट्या भिंगांची ह्युजेन्स प्रकारची वापरावी, शोधक दुर्बिणीला झाकण लावावे. नेत्रिकेत बसणारा गडद काचेचा फिल्टर तडकतो व डोळा जातो. तो फेकूनच द्यावा. डागसंख्या वोल्फ यांच्या सूत्राने : समूहांची दहापट अधिक सुटे डाग. मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊच्या आत काम उरकावे, पुढे गच्चीची तापलेली हवा प्रतिमा उकळवते. पावसाळ्यात ढगांमुळे डाग दिसत नाहीत; वेटोळे चालूच राहते.

तारे : क्ष-किरण स्रोतांचे दृश्य सोबती साध्या साधनांनी दिसतात. शर्मिष्ठेचा मधला तारा गॅमा नुसत्या डोळ्यांनी. तो कठीण क्ष-किरण देतो व त्याचे कारण दीर्घकाळ वादात आहे. ययातीतील एक्स, सहाव्या-सातव्या प्रतीचा, द्विनेत्रीने. हंस एक्स-१ चा निळा महाराक्षसी तारा ८.९ प्रतीचा, हंसातील ईटा ताऱ्याजवळ, ऑक्टोबरच्या संध्याकाळी नागपूरहून ७६ अंश उंचीपर्यंत. वृश्चिक एक्स-१ बाराव्या-तेराव्या प्रतीचा. त्याला पेंचचे आकाश हवे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

भारतीय उपग्रह : आर्यभट (१९७५) मध्ये क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठा बिघडल्याने तो थोडेच दिवस चालला. ॲस्ट्रोसॅट (२८ सप्टेंबर २०१५), चांद्रयान-२ वरील सौर क्ष-किरण मापक, आदित्य-एल१ (२ सप्टेंबर २०२३) वरील सोलेक्स व हेलिओस ही क्ष-किरण उपकरणे, एक्सपोसॅट (१ जानेवारी २०२४). आदित्यची सूर्याची नोंद अखंड असते, त्यामुळे गच्चीवरच्या रेघेशी मिनिट-मिनिट ताडायला ती गोजइतकीच उपयोगी आहे.