मेश प्लेची पार्श्वभूमी: प्रोव्होचं मैदान ते मॅडनचा कंट्रोलर

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये प्लेबुक (आखलेल्या चालींचा, म्हणजे प्लेंचा, संच) कुठलंही घेतलं तरी अडचणीच्या थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरीला) अनेकांचा हात मेश या पासच्या प्लेकडेच वळतो. दोन रिसीव्हर (पास झेलणारे) दोन बाजूंनी निघून स्क्रिमेज लाइनच्या (जिथून चेंडू खेळात येतो त्या रेषेच्या) पुढे पाच-सहा यार्डांवर एकमेकांना जवळजवळ घासून जातात. तिसरा वर कोपऱ्याकडे पळतो आणि रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा) बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात उतरतो. मॅन कव्हरेजलाही (प्रत्येक बचावपटू एका माणसामागे) चालतो आणि झोनलाही (प्रत्येकाकडे मैदानाचा एक भाग), असे प्ले थोडेच. मेश दोन्हींना का पुरून उरतो, ते तो कुठून आला हे पाहिलं की कळतं.

युटा राज्यातल्या प्रोव्होमध्ये, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, लव्हेल एडवर्ड्स 1972 ते 2000 मुख्य प्रशिक्षक होते. बहुतेक कॉलेज संघ चेंडू हातात घेऊन धावण्यावर भर देत असताना एडवर्ड्सनी पासवर संघ उभा केला आणि 1984 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मेश त्यांच्या ठेवणीतला. मॅन कव्हरेजमध्ये बचावपटूला आपला माणूस सोडता येत नाही. मग दोन रिसीव्हर आडवे गेले की त्यांच्यामागच्या दोन बचावपटूंचे रस्तेही एकमेकांना छेदतात. एकाला वळसा घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात रिसीव्हर दोन पावलं पुढे निघून जातो. रिसीव्हरने बचावपटूला मुद्दाम अडवलं तर मात्र ऑफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्सचा दंड लागतो: एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) 10 यार्ड, कॉलेजमध्ये 15. म्हणून दोघांनी टाळी देता येईल इतक्या जवळून जायचं, पण कुणाला धडकायचं नाही, अशी शिकवण असते.

हा प्ले प्रोव्होबाहेर नेला हॅल मम आणि माइक लीच या प्रशिक्षकांनी. 1989 मध्ये आयोवा वेस्लियन कॉलेजला एकत्र आलेली ही जोडी एडवर्ड्सचा सराव बघायला जायची. तिथलं बरंचसं त्यांनी उचललं, पण फापटपसारा काढून टाकला: मोजके प्ले, आणि तेच रोज घोटायचे. पुढे वॅल्डोस्टा स्टेट, मग 1997 मध्ये केंटकी, अशी विद्यापीठं त्यांनी केली. या पद्धतीला 'एअर रेड' नाव पडलं. तिच्यात खेळलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) टिम काउच 1999 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

एअर रेडच्या मेशमध्ये महत्त्वाची गोष्ट एकच: रिसीव्हरने पळता पळता समोरचा बचाव ओळखायचा. मॅन असेल तर पळत राहायचं. झोन असेल तर दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत थांबून क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. एकच प्ले दोन्हींवर चालतो तो या निर्णयामुळे. लीच 2000 ते 2009 टेक्सास टेक विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला क्लिफ किंग्सबरी पुढे तिथेच प्रशिक्षक झाला, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्याच्याकडे खेळला, आणि 2019 मध्ये किंग्सबरी अॅरिझोना कार्डिनल्स या एनएफएल संघाकडे गेला. तोवर एनएफएलनेही ही पद्धत बऱ्यापैकी आपलीशी केली होती.

गेमची वाट वेगळी. पहिला 'जॉन मॅडन फुटबॉल' 1988 मध्ये अॅपल टू संगणकावर आला. एका बाजूला अकराच खेळाडू हवेत, हा गेमला नाव देणाऱ्या प्रशिक्षक-समालोचक जॉन मॅडनचा हट्ट होता, आणि मेशच्या दृष्टीने तो योग्यच ठरला. कमी माणसांत अशी गर्दी होणारच नाही. 1990 च्या जेनेसिस (सेगाचा गेम कन्सोल) आवृत्तीत रिसीव्हर पडद्यावरच्या छोट्या चौकटींत दिसत. 2005 च्या मॅडन 06 मध्ये 'व्हिजन कोन' आला: क्वार्टरबॅकची नजर ज्याच्यावर नाही त्याला टाकलेला पास भरकटायचा. तीन-चार पर्याय झटपट पाहावे लागणाऱ्या मेशसारख्या प्लेला हे जाचकच होतं. 2012 च्या आवृत्तीत इन्फिनिटी इंजिनमुळे धडका ठरावीक अॅनिमेशनऐवजी त्या क्षणाच्या वेगावर आणि वजनावर ठरू लागल्या. त्याच वर्षापासून रिसीव्हर पाहत नसेल तर त्याचं बटण फिकं दिसू लागलं. 2015 मध्ये झेल घेण्याचे तीन प्रकार आले, 2022 मध्ये नेम आणि जोर दोन्ही खेळणाऱ्याच्या हाती देणारी पासिंग पद्धत.

एवढं होऊनही एक उणीव राहिली, आणि मेश फसण्याचं मूळ बहुतेक वेळा तिच्यात असतं. गेममधला क्रॉस करणारा रिसीव्हर सहसा झोन ओळखून थांबत नाही, आखलेल्या रेषेवर पळत राहतो. म्हणजे लीचच्या रिसीव्हरचं काम कंट्रोलर हातात असलेल्यानेच करायचं. स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) एका रिसीव्हरला मोशनमध्ये पाठवा, म्हणजे आडवं पळवा. त्याच्या मागे बचावपटू पळत आला तर बहुधा मॅन, सगळे जागेवरच थोडे सरकले तर झोन. मॅन असेल तर दोघं एकमेकांना ओलांडेपर्यंत बटणाला हात लावू नका. ऐन छेदावर टाकलेला चेंडू गर्दीत कुणाच्या तरी हाताला लागून उडतो. ओलांडून एक-दोन पावलं झाली की बटण दाबून धरून बुलेट (सरळ, वेगवान) पास, लेफ्ट स्टिक रिसीव्हर पळतोय त्या बाजूला. नुसतं टॅप केलं तर पास उंच तरंगतो आणि मागे पडलेला बचावपटू तेवढ्यात पोचतो. झेलताना रिसीव्हर ताब्यात घेऊन प्लेस्टेशनवर स्क्वेअर, एक्सबॉक्सवर एक्स. पळता पळता झेल मिळाला तरच या प्लेचे यार्ड मिळतात.

झोन असेल तर क्रॉस करणारा दोन लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतले बचावपटू) मधून जाईल तेवढाच क्षण तुमचा. तो चुकला तर कोपऱ्याकडे गेलेल्याकडे पाहा. कव्हर 2 या झोनमध्ये कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) खाली राहतो, सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) आत असते आणि दोघांच्या मधली जागा उघडी पडते. मेश स्पॉटसारख्या प्रकारात आखूड थांबणारा रूट (पळण्याचा मार्ग) आधीच आखलेला असतो, झोनविरुद्ध तो घेणं सोपं.

ऑनलाइन खेळात मेशचा मोठा शत्रू म्हणजे समोरच्या खेळाडूने स्वतः चालवलेला लाइनबॅकर. तो छेदाच्या जागी येऊन नुसता उभा राहतो आणि आधी ठरवून टाकलेला पास अलगद घेऊन जातो. अशा वेळी त्याच्याकडेच बघायचं. तो ज्या क्रॉसमागे गेला त्याच्या उलट दिशेचा क्रॉस मोकळा असतो. जागचा हललाच नाही तर कोपरा किंवा रनिंग बॅक. आणखी एक सवय मोडा: शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक मागे उभा राहून चेंडू घेतो ती रचना) आधीच पाच यार्ड मागे असताना आणखी मागे पळण्याची. टॅकल (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतले टोकाचे खेळाडू) त्या अंतरासाठी अडवत नाहीत, कडेने येणाऱ्या पास रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या बचावपटूला) सरळ वाट मिळते. पाच जणांपेक्षा जास्त येताना दिसले तर रनिंग बॅकला ब्लॉकला ठेवा, एक पर्याय कमी झाला तरी चालेल.

2024 च्या जुलैत कॉलेज फुटबॉल 25 हा गेम आल्यावर मॅडनवर पोसलेल्यांचा हिशोब चुकू लागला तो हॅश मार्कमुळे (मैदानाच्या लांबीने आखलेल्या खुणांच्या दोन रांगा; प्रत्येक प्ले त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधून सुरू होतो). मैदानाची रुंदी दोन्हीकडे 160 फूट. पण हॅशमधलं अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट, कॉलेजमध्ये 40. चेंडू कॉलेजच्या हॅशवर असेल तर एका बाजूला 60 फूट उरतात, दुसरीकडे 100. एनएफएलमध्ये हाच फरक साधारण 71 आणि 89 चा. त्यामुळे कॉलेजमध्ये रुंद बाजूला जाणारा क्रॉस आधी बघायचा. अरुंद बाजूचा झेल घेतो न घेतो तोच साइडलाइन येते.